कट्ट्यावरचे इंजिन

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सल्ला मागावा लागत नाही. सकाळी फेऱ्या मारून दमलेली मंडळी टेकली, की समोर नेटमध्ये खेळणाऱ्या पोराच्या डाव्या कोपरापासून सरकारच्या अंदाजपत्रकापर्यंत सगळ्यांची दुरुस्ती सुरू होते. मैदान सुमारे २८ एकरांचे. महापालिकेने १९२५ साली ते लोकांना खुले केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. दोन वर्षांनी, महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झाले. कट्ट्याच्या कडेने एक फेरी म्हणजे किलोमीटरभराहून थोडे अधिक. चालायचे ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून. बसायचे ते मात्र स्वखुशीने.

२०२३ च्या उन्हाळ्यात या कट्ट्यावर महिनाभर एकच विषय गाजला : अण्णांच्या पिकअपचे इंजिन.

अण्णा आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. त्यांची पिकअप म्हणजे वडिलांनी घेतलेली, लांब चासीची जुनी पेट्रोल जीप; मागे हौदा, वर ताडपत्री. गणपतीला सगळे कुटुंब, ट्रंका, मखर आणि वाटेत भेटेल तो गाववाला यांना घेऊन ती खेडच्या पुढे गावी जायची. २०२२ साली मात्र कशेडी घाटात तिने मान टाकली. पहिल्या गिअरमध्येही ओढेना, रेडिएटरमधून वाफ निघू लागली. भर पावसात अण्णांच्या ऐंशी वर्षांच्या आई ट्रंकेवर छत्री धरून बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "ह्यांच्या हातात होती तोवर कधी थांबली नाही हो!"

ते वाक्य अण्णांना लागले. गाडी विकायची नाही, मोठे इंजिन बसवायचे, असे त्यांनी ठरवले. एका मिस्त्रीने भंगारबाजारातून अडीच लिटरचे डिझेल इंजिन हेरूनही ठेवले. पैसे जाणार होते ते लेकीच्या पुढच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून अण्णांच्या चहात साखर कमी पडू लागली.

कट्ट्यावर अर्थातच दोन पक्ष पडले. "मोठे इंजिन म्हणजे मोठी ताकद" हा पहिला पक्ष संख्येने मोठा होता. दुसऱ्या पक्षात फक्त नाना. ते व्ही.जे.टी.आय.मध्ये शिकलेले, आणि नंतर सारे आयुष्य त्यांनी इंजिनांच्या सहवासात काढलेले.

"आकारावर काय जाता, अण्णा?" नाना म्हणाले. "महिंद्रने १९४७ पासून आपल्याकडे विलीस जीप जुळवायला घेतली. विलीसचे युद्धकाळातले इंजिन सुमारे २.२ लिटरचे आणि ६० अश्वशक्तीचे. पुढे त्याच मापात त्यांनी हवा घेणारा व्हॉल्व्ह मोठा करून वर, हेडमध्ये नेला, तर ताकद सत्तरीपलीकडे गेली. पोट तेवढेच, श्वास मोकळा झाला इतकेच!"

मग त्यांनी हिशेब मांडला. डिझेल इंजिन वजनदार. पुढचे पाटे बसतील. त्याला स्टार्टर आणि बॅटरी दणकट लागते. जुन्या गिअरबॉक्सशी जोडायला मधली प्लेट बनवून घ्यावी लागते, ती केसभर वाकडी बसली तरी क्लच आणि बेअरिंग खाऊन टाकते. मोठे इंजिन जास्त तापले तर जुना रेडिएटर पुरत नाही. आणि विलीस नमुन्याच्या जुन्या जीपमध्ये चाकाचा एक फेरा व्हायला दांड्याचे ५.३८ फेरे लागतात. अशा गाडीत संथ फिरणारे डिझेल बसवले, तर घाटात ते खुशाल ओढेल, पण सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला की बोंब मारत सुटेल. म्हणजे मागचे डिफरन्शियलही बदला.

"आणि ब्रेक?" इतका वेळ गप्प बसलेले भाऊ म्हणाले. भाऊ रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. "बोरघाटात रेल्वे १८६३ पासून चालते. चढ ३७ फुटांना एक फूट. चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला कर्जतला बँकर इंजिने लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण उतरणारी गाडी हाताबाहेर गेली तर तिला वळवून चढावर घालायला तिथे वेगळे रूळ टाकून ठेवलेत, ते कोण बघतो? वर चढवणारे इंजिन थकले तर गाडी थांबते. खाली ब्रेक थकले तर थांबत नाही."

वकिलांनी आणखी एक खुंटी मारली. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.ची संमती लागते. नोंदणीपुस्तकात एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरे, अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीशी भांडत बसा!

अण्णांचा चेहरा उतरला. तेव्हा नाना हळूच म्हणाले, "आहे ते इंजिन कशाने दमले, हे तपासले का कोणी?"

कोणीच तपासले नव्हते.

रविवारी गल्लीत पर्जन्यवृक्षाखाली बॉनेट उघडले. मिस्त्रीने एकेक स्पार्क प्लग काढून त्या जागी दाबाचे मीटर लावले. चार सिलिंडरांपैकी दोन ठीक, दोन अगदी खाली. नानांनी त्या दोघांत चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायला लावले. काटा वर चढला. "ऑइलने दाब वाढला म्हणजे गळती पिस्टनच्या रिंगांतून आहे. वाढला नसता तर व्हॉल्व्हकडे संशय घ्यायचा." रेडिएटर उतरवला, तर निम्म्या नळ्या गाळाने बुजलेल्या. इंजिन लहान नव्हते. झिजलेले होते, आणि वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते. वडील दर पावसाळ्याआधी ते उघडत असत, हे अण्णांना तेव्हा आठवले.

सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या, रेडिएटर साफ झाला, ब्रेकचे लायनर आणि सिलिंडर बदलले. लेकीच्या रकमेला हात लागला नाही. शिवाय अण्णांनी एक न बोलता केलेली दुरुस्ती अशी, की निम्मी मंडळी आणि ट्रंका त्या वर्षी कोकण रेल्वेने खेडला गेल्या.

२०२३ च्या गणपतीत कशेडीचा बोगदा एका बाजूने सुरू झाला होता. तरी अण्णांनी हट्टाने जुन्या घाटाने गाडी घातली. मी मागे हौद्यात होतो. वळणामागून वळण गेले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घुमत चढत राहिली. माथ्यावर अण्णांनी गाडी बाजूला घेतली आणि आईकडे पाहिले. त्यांनी पदराने काच पुसली, खालच्या दरीकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, "आता उतारावर सावकाश हं. हेसुद्धा इथे पहिला गिअर घालायचे."

अण्णांनी निमूटपणे पहिला गिअर घातला.