मिठाचे रिंगण

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२४ साली, आमच्या अंबाजोगाईच्या घरी एक चेटकीण मुक्कामाला आली. ती आली पुण्याहून, एस. टी.च्या रातराणीने. पाठीला दप्तर, डोळ्यांना चष्मा, वय वर्षे पंधरा. दारात पाऊल टाकताच तिने मला वाकून नमस्कार केला आणि "आजी, चकल्या झाल्या का?" असे विचारले. तेव्हा वाचकहो, भिण्याचे काही कारण नाही. ती माझी नात. चेटकीण ही पदवी तिची तिनेच घेतलेली!

दुपारी तिने दप्तरातून एकेक वस्तू काढून कोनाड्यात मांडल्या. मिठाची वाटी, पाण्याचा पेला, मेणबत्ती, उदबत्ती आणि काळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही.

"शाळेचा प्रयोग का गं?" मी विचारले.

"नाही आजी, मी विक्का करते."

"काय विकायचंय?"

ती खो खो हसली. मग माझ्याजवळ बसून तिने मला सगळे समजावले. मीठ म्हणजे पृथ्वी, पेला म्हणजे जल, मेणबत्ती अग्नी, उदबत्ती वायू. वर्षातून आठ सण, पौर्णिमेला चंद्राचे पूजन, देव आणि देवी दोघांनाही मान. कुणाला इजा न करता मनासारखे वागावे हा मुख्य नियम, आणि जे दुसऱ्याला द्यावे ते तिपटीने आपल्याकडे परत येते ही समजूत.

तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. ऐकून घेण्याची सवय आहे, आणि तपासून पाहण्याची खोडही. त्या रात्री मी तिची पुस्तके चाळली. हा पंथ जगापुढे आणला जेराल्ड गार्डनर नावाच्या इंग्रज गृहस्थाने. हे मलायात जकात खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. इंग्लंडात १७३५ सालचा चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनरसाहेबांचे पुस्तक निघाले. हा धर्म फार प्राचीन आहे असे ते सांगत. इतिहासकार ते मानत नाहीत. माझा जन्म १९५१चा. म्हणजे नातीचा प्राचीन धर्म माझ्याहून लहानच निघाला! सिल्व्हर रेव्हनवूल्फ ह्या अमेरिकन लेखिकेने १९९८ साली खास कुमारवयीन मुलांसाठी 'टीन विच' हे पुस्तक लिहिले आणि पुढे हे लोण मोबाइलवरून आमच्या कोनाड्यापर्यंत आले.

"पण ह्यातून तुला मिळतं काय?" मी विचारले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो ना, तेव्हा मेणबत्ती लावून वहीत सगळं लिहिलं की बरं वाटतं. आणि आजी, पूर्वी ज्या बायकांना चेटकीण म्हणून जाळलं, त्यांचं नाव आम्ही मानानं घेतो. नव्वद लाख बायका होत्या!"

आकडा मात्र मी दुरुस्त केला. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात ह्या आरोपाखाली चाळीस ते पन्नास हजार माणसे मारली गेली असे आजचे अभ्यासक मानतात. त्यांतल्या बहुतेक बायका होत्या. पण पन्नास हजार काय थोडे झाले?

पोरीच्या मनात खोट नव्हती. मी तिला काही म्हटले नाही. माझी चूक झाली ती इथेच.

त्या वर्षी नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आली होती आणि दुपारनंतर अवस लागली होती. नातीच्या पंथात ती रात्र मृतांच्या स्मरणाची. आपल्या सर्वपित्रीसारखीच म्हणा ना. आम्ही झोपल्यावर ती गच्चीवर गेली, मिठाचे रिंगण काढले, चार मेणबत्त्या लावल्या आणि कागदावर आजोबांचे नाव लिहून तो जाळला. मध्ये ठेवायला सफरचंद हवे होते, पण घरात नव्हते. म्हणून तिने लिंबू घेतले, तेही कापून!

सकाळी कामाच्या मावशी झाडू घेऊन वर गेल्या आणि तशाच धापा टाकत खाली आल्या.

"बाई, गच्चीवर कुणीतरी करणी करून ठिवलीया! म्या न्हाई वर जायची, लेकराबाळाची हाय मी."

मी सांगायला तोंड उघडणार, तोच त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "मागल्या बोळातल्या वातीवालीचंच काम हाय हे. रातरातभर दिवा असतोय तिच्या घरात."

मागच्या बोळात एक बाई एकट्या राहतात. नवरा नाही, मूल नाही. कापसाच्या वाती वळून विकतात, आणि दिवाळीच्या दिवसांत जास्त वाती लागतात म्हणून रात्री जागतात. मावशींचे बोलणे ऐकून माझे हातपाय गार पडले. कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. खरे सांगायचे तर, ते मीच बोलले होते.

मावशी निघून गेल्यावर नातीला मी समोर बसवले आणि आजवर तिच्या आजोबांनाही न सांगितलेली गोष्ट सांगितली.

१९६३ साल. मी बारा वर्षांची. बालाघाटाच्या डोंगरात आमचे गाव. गावकुसाला एक विधवा बाई राहत; झाडपाल्याची माहिती असलेल्या. माझा खोकला त्यांच्याच अडुळशाच्या काढ्याने बरा झाला होता. त्या पावसाळ्यात गावातल्या गाई एकामागून एक आटल्या. तोंडाला फेस, खुरांना जखमा. ती लाळखुरकूत होती हे मला फार पुढे कळले. गावात कुजबूज सुरू झाली. एके दिवशी ओट्यावर मोठी माणसे बोलत असताना, आपल्याकडेही कुणी पाहावे म्हणून मी म्हणाले, "मी पाहिलंय त्यांना, अवसेच्या रात्री, गोठ्यामागं."

पाहिले होते ते दिवेलागणीला, आघाडा तोडताना. अवस माझ्या पदरची.

त्यांचे पाणी बंद झाले. दारावर दगड पडले. आठ दिवसांनी त्या बोचके घेऊन गावाबाहेर पडल्या. कुठे गेल्या, कुणी विचारले नाही. मीही नाही.

नात मुसमुसत होती. मी म्हणाले, "तू चेटकीण म्हणवून घेतेस, तुझ्या मैत्रिणी टाळ्या देतात. इथं मात्र हा शब्द दुसऱ्यानं लावायचा असतो, आणि ज्या बाईला तो लागतो तिचं घर सुटतं. आपली योगेश्वरीच बघ. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, मुहूर्त टळला आणि ती इथंच कुमारिका राहिली, असं सांगतात. एकटी बाई देवळात असली की आपण तिची ओटी भरतो. बोळात राहत असली की तिच्या दिव्याकडे बोट दाखवतो."

नातीनेच मोबाइलवर कायदा शोधून काढला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले, तो त्यांच्या हयातीत झाला नाही. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. अमुक बाई करणी करते, जनावरांचे दूध आटवते असे पसरवून तिचे जगणे कठीण करणे हा त्यात गुन्हा आहे; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मी ते पुन्हा पुन्हा वाचले. १९६३ साली तो असता, तर निदान पोलीसपाटलाने ओट्यावरची बैठक उठवली असती.

"आजी, मी जाऊन सांगते. मीच केलं म्हणून," नात उठलीच.

आम्ही दोघी मावशींच्या घरी गेलो. पोरीने हात जोडून सगळे सांगितले. मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या.

"तू? आन कशापायी गं?"

"आजोबांची आठवण म्हणून."

"मंग तसं सांगावं की! माणसाची आठवण काढाया येवढं मीठ कशाला लागतंय?"

मला हसू आले. पण विचारायचे ते मी विचारले. "मावशी, त्या वातीवाल्या बाईंचं तुम्ही आणखी कुणाला बोललात?"

त्यांनी मान खाली घातली. "नळावर बोलले. तिघी व्हत्या."

मग लक्ष्मीपूजनाच्या त्या दिवशी, फराळाची ताटे तशीच झाकून ठेवून, आम्ही तिघी त्या तीन घरी गेलो. प्रत्येक दारात नातीने "मिठाचं रिंगण मी काढलं होतं" असे सांगितले, आणि मावशींनी "म्या उगंच त्या बाईचं नाव घेतलं" अशी पुस्ती जोडली. एके घरी पोरीला चार शब्द ऐकावे लागले. तिने ते ऐकून घेतले.

परतताना आम्ही वातीवाल्या बाईंकडून दोन जुडगे वाती घेतल्या. त्यांनी नातीच्या हातावर एक जुडगा वरती ठेवला. "दिवाळीचा घे गं बाळ," म्हणाल्या. सकाळपासून काय घडले ते त्यांना कळले नाही. ते कळू नये म्हणूनच तर आमची सगळी धावपळ होती.

गच्ची नातीनेच झाडली. वही मात्र मी तिच्याकडून घेतली नाही. मुलांच्या हातातली वही काढून घेतली की ती पलंगाखाली जाऊन लिहितात, हे आईबापांना मी नव्याने सांगायला नको. त्या वहीत आता एक पान आमच्या गावच्या त्या झाडपाल्यावाल्या बाईंचे आहे. त्यांचे नाव मी तिला सांगितले. साठ वर्षांनी ते पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाले.

ह्या दिवाळीलाही ती येणार आहे. सफरचंदे आधीच आणून ठेवायला हवीत.