भाकरीच्या मुलखात पाव

बालाघाटाच्या डोंगररांगेवर, लातूर-नांदेड रस्त्यालगत अहमदपूर वसलेले आहे. येथील माणसाला भूक लागली म्हणजे त्याला ज्वारीची भाकरी आठवते. पाव हा त्याच्या लेखी आजाऱ्याने चहात बुडवून खाण्याचा जिन्नस. नोकरीच्या निमित्ताने आम्ही उभयता या गावी आलो, त्याला आता बरीच वर्षे लोटली. आम्हीही भाकरीचे झालो. आई मात्र वसईचीच राहिली. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर ती आमच्याकडे राहावयास आली, तेव्हा सोबत तिची सकाळही घेऊन आली. त्या सकाळी चहा असे आणि चहासोबत पाव.

'पाव' हा शब्दच मुळी पोर्तुगीजांनी दिलेला. त्यांच्या बोलीतल्या नावाला आपल्या जिभेने घातलेला हा घाट. गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात, तो शब्दही तिकडचाच. पीठ फुगवायला पोदेरांनी पूर्वापार माडाची ताडी वापरली. आमच्या वसईतही सणासुदीच्या फुग्यांचे पीठ माडी घालून आंबवीत. आईच्या बालपणीचा तो आंबूस, गोडसर वास तिच्या बोलण्यात वरचेवर येई. बेकरीचा पाव ती खाई, पण 'याला वास नाही' हा शेरा ठरलेला असे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि गावात पाव मिळेनासा झाला. ते एकवेळ चालले असते. पण त्याच दिवसांत वसईत आईची धाकटी बहीण वारली. रस्ते बंद, गाड्या बंद. आईला बहिणीचे शेवटचे दर्शन घेता आले नाही. ती रडली नाही, कोणाला बोल लावला नाही. तिने फक्त जेवण कमी केले. ताटातली भाकरी चतकोर होई, तीही उष्टी राही. सकाळचा चहा नुसताच घेई. आम्ही उभयता एकमेकांकडे पाहत राहू. समजुतीचे शब्द संपले, तेव्हा आम्ही ठरवले, घरीच पाव करून पाहावा.

आयुष्यात कधी पाव भाजला नव्हता. लोणी, दूध, अंडी लागणारे प्रकार त्या दिवसांत दुरापास्त होते. म्हणून साधा फ्रेंच पाव निवडला. त्याला मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच पुरते. यीस्टची एक पुडी नाताळच्या केकच्या सामानात पडून होती. या साधेपणाचे फ्रेंचांना किती मोल आहे, ते पुढे वाचनात आले. १९९३ साली त्यांच्या सरकारने फर्मान काढून पारंपरिक फ्रेंच पावाची व्याख्याच ठरवून दिली. त्यात टिकाऊपणासाठी रसायने नकोत, पीठ गोठवून ठेवणे नको. २०२२ साली युनेस्कोने त्यांच्या लांबोड्या 'बॅगेट'च्या कारागिरीला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. चार जिनसांच्या पावाला एवढा मान का, हे आम्हाला पहिल्याच खेपेस कळून चुकले.

पुस्तकी कृतीप्रमाणे अर्धा किलो मैदा, सव्वातीनशे मिलिलिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ आणि चमचाभर यीस्ट घेतले. पाणी कोमट असावे, असे लिहिले होते. ते केले. भिजवलेले पीठ दोन तास खोलीत ठेवावे, असे लिहिले होते. तेही केले. मात्र कृती लिहिणाऱ्याची खोली आमची नव्हती. एप्रिलची दुपार, वर पत्रा आणि पारा चाळिशीला टेकलेला. पीठ तासाभरात परातीबाहेर आले. दोन तासांनी पाहावे तर मधोमध खचलेले, चिकट, आंबट वासाचे. तसेच भाजले. ओव्हनमधून निघाली ती फिकट, चपटी वीट. आईने तुकडा हातात घेतला आणि न बोलता बशीत ठेवला. टंचाईच्या दिवसांत अर्धा किलो मैदा वाया गेला, याची खंत होतीच. त्याहून तिचे ते न बोलणे आम्हाला फार लागले.

संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीपलीकडून शेजारच्या मावशींनी विचारपूस केली. जन्मभर भाकऱ्या थापलेल्या या बाईने पाव कधी केला नव्हता. सारी हकिकत ऐकून म्हणाल्या, "पीठ तापलं की वो ताई! विरी गेल्या पिठाला आम्ही आधणाचं पाणी घालताव. तुमच्या याला गार पाणी द्या बघा, माठातलं. अन् दुपारच्याला हातच लावू नका."

मावशींचे निदान अचूक होते. ज्वारीत गव्हासारखा ग्लुटेनचा ताणा नसतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा चिरतात. मग उकळते पाणीच त्याला चिकटपणा देते. गव्हाच्या पिठात ताण असतो. यीस्ट पिठातली साखर खाऊन वायू सोडते आणि तो वायू या ताणलेल्या जाळ्यात कोंडला जातो. उष्णता वाढली की यीस्ट उतावळे होते. जाळे पुरते विणले जाण्याआधीच पीठ फुगते, आंबते आणि बसते.

पवित्र शनिवारी, ११ एप्रिलला, पहाटे साडेचारला आम्ही उठलो. मावशींनी आपली लाकडी काटवट भिंतीवरून दिली होती. या खेपेस पाणी माठातले घेतले आणि यीस्ट अर्धाच चमचा. दहा मिनिटे मळल्यावर पिठाचा गोळा गुळगुळीत झाला. चिमूट ताणली तर न तुटता पातळ पडदा होऊ लागला. ओल्या पंचाखाली पीठ झाकून ठेवले. मध्ये एकदा कडा उचलून घडी घातली. मत्तयच्या शुभवर्तमानातला, पिठात खमीर लपवणाऱ्या बाईचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एकदा लपवल्यावर त्या बाईला दुसरे काही करावयाचे उरत नाही, तिने फक्त थांबावयाचे असते, हे त्या पहाटे काटवटीजवळ बसल्यावर ध्यानी आले.

सात वाजता दोन लांबट पाव वळले. पाऊण तासाने पात्याने वर तिरप्या चिरा दिल्या. तापलेल्या ओव्हनच्या तळाशी उकळत्या पाण्याची वाटी ठेवली. वाफेमुळे वरचे कवच लगेच कडक होत नाही, पावाला फुगावयास अवसर मिळतो आणि पुढे तेच कवच खुसखुशीत होते. दोनशे तीस अंशांवर अर्धा तास गेला. पाव उलटा करून बोटाने वाजवला, तर आतून पोकळ आवाज आला. घरभर वास दरवळला.

आई आपण होऊन स्वयंपाकघरात आली. पाव निवेपर्यंत समोर बसून राहिली. मग टोकाचा तुकडा मोडून चहात बुडवला, सावकाश चावला. म्हणाली, "माडीचा वास नाही याला." आमचा चेहरा पडला असावा. तिने दुसरा तुकडा मोडला. त्यानंतर ती बहिणीविषयी बोलू लागली. लहानपणी फुग्यांच्या पिठात दोघींनी बोटे कशी बुडवली होती, आईचा मार कोणी खाल्ला होता. बोलता बोलता तिच्या डोळ्यांना धार लागली. आम्ही तिला थांबवले नाही.

चर्चची दारे त्या ईस्टरला बंदच होती. दुसरा पाव मावशींकडे गेला. काटवट परत केली तेव्हा भिंतीवरून आमच्याकडे दोन गरम भाकऱ्या आणि ठेचा आला.

त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. पवित्र शनिवारी आम्ही आजही पहाटे उठतो. पाणी माठातलेच घेतो, यीस्ट अर्धाच चमचा. पाव दोन होतात. त्यांतला एक भिंतीपलीकडे जातो. माडीचा वास अजून साधलेला नाही.