चुंबक राहिला

विजेच्या गिटारीवर आम्हीं लेखणी उचलावी, हें पाहून आमचे जुने विद्यार्थी हंसतील, ह्याची आम्हांला जाणीव आहे. ज्यानें ३४ वर्षें शाळेंत ‘राम’ शब्द आणि ‘गम्’ धातु चालवून घेतला, त्याला ह्या वाद्याशीं काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. गेल्या वैशाखापर्यंत आमचेंहि मत तेंच होतें. किंबहुना तें मत आम्हीं फार वर्षांपूर्वीं एकदां जरा मोठ्यानें बोलून दाखविलें होतें.

आमचें घर सांगलीस. आम्ही वडील, पाठचे दोन बंधु. त्यांतील धाकटा १९८६ सालीं मुंबईहून एक जुनी गिटार घेऊन आला. दिवसां कारकुनी करावी आणि रात्रीं लग्नांत, गणेशोत्सवांत वाद्यवृंदाबरोबर ती वाजवावी, असा त्याचा क्रम असे. २०१४ सालीं तो गेला आणि गिटार माळ्यावर गेली. मधल्या बंधूंचा नातू आतां १६ वर्षांचा आहे. त्यानें ती खालीं काढली, आमच्या धाकट्या भावजयीची परवानगी घेतली, नव्या तारा चढविल्या आणि दोन दिवसांनीं तोंड पाडून आमच्यापुढें येऊन बसला.

“आजोबा, हिचा मधला पिकप बिघडलाय. तिन्ही काढून नवे बसवावे म्हणतो. तुम्ही आजीला सांगाल का?”

पिकप म्हणजे काय, हें वाचकांना सांगितलें पाहिजे. (ह्यास ‘कंपग्राहक’ असा शब्द आम्हीं योजून पाहिला, परंतु दुकानदाराला तो कळला नाहीं, म्हणून सोडून दिला.) सतारीचा किंवा साध्या गिटारीचा नाद तिच्या पोकळ भोपळ्यांत अथवा पेटींत घुमतो. ह्या गिटारीचें अंग भरीव लांकडाचें. तेथें घुमण्यास जागाच नाहीं. तारांच्या खालीं एक लांबट डबी बसविलेली असते. तींत सहा तारांखालीं सहा पोलादी खुंट्या, खुंट्यांच्या बुडाशीं लोहचुंबक, आणि खुंट्यांभोंवतीं तांब्याच्या केसाएवढ्या बारीक तारेचे हजारों वेढे. चुंबकाच्या सान्निध्यानें वरची पोलादी तार स्वतः किंचित् चुंबक बनते. ती थरथरली कीं वेटोळ्यांतून जाणारें चुंबकीय क्षेत्र बदलतें, आणि वेटोळ्यांत तसाच थरथरता विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हा नियम फॅरडेनें १८३१ सालींच दाखविला होता. त्याला तंतुवाद्याशीं जोडण्यास पुढें शंभर वर्षें लागलीं. अमेरिकेंत जॉर्ज बोशां ह्यानें १९३१ च्या सुमारास हवाई पद्धतीच्या गिटारीवर नालाच्या आकाराचे चुंबक बसवून हें साधलें. पितळेच्या किंवा नायलॉनच्या तारा हा पिकप ऐकूंच शकत नाहीं. म्हणजे तो ध्वनि ऐकत नाहीं, केवळ लोहाचें हलणें जाणतो! आमच्या संगीतशास्त्रकारांनीं नादाच्या उत्पत्तींत प्राण आणि अग्नि सांगितले. तिसरें तत्त्व चुंबक असेल, असें त्यांच्या स्वप्नींहि नसेल.

असो. आम्हीं मुलाला म्हटलें, “बिघडला कशावरून? हेतु सांग.” न्यायशास्त्र थोडें शिकल्याचा हा एक दोष आमच्यांत राहिला आहे. तेव्हां त्यानें वाजवून दाखविलें. मानेजवळचा पिकप एकटा लावला, स्वर भरदार. मधला एकटा लावला, तोहि भरदार, किंचित् मोकळा. दोन्ही एकत्र लावले, तों स्वर एकदम पातळ, जणूं टेलिफोनमधून येणारा.

अन्वयव्यतिरेकानें पाहतां मधल्याला दोष देण्यास येथें आधारच नव्हता. दोघेहि स्वतंत्रपणें चांगले. एकत्र आले म्हणजेच बिघडतात. अर्थात् दोष व्यक्तींत नाहीं, संबंधांत आहे. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस हा प्रकार समजण्यास उदाहरण शोधावें लागणार नाहीं. एकाचा प्रवाह चढतो तेव्हां दुसऱ्याचा उतरतो, आणि दोघे मिळून एकमेकांना बहुतांशीं पुसून टाकतात. आमच्या ह्या अनुमानावर मुलाचा विश्वास बसला नाहीं, तेव्हां उघडून पाहण्याचें ठरलें.

पिकप ओळखणें ही एक स्वतंत्र विद्या आहे. ह्या गिटारीवर कर्त्याचें नांव नव्हतें, परंतु नांवावर तरी किती विसंबावें? सेथ लव्हर ह्यानें गिब्सनच्या कारखान्यांत दोन वेटोळ्यांचा प्रसिद्ध पिकप तयार करून १९५५ सालीं पेटंटचा अर्ज केला. पेटंट १९५९ सालीं मिळालें. तरी त्यानंतरहि कांहीं वर्षें पिकपांच्या बुडाशीं ‘अर्ज केला आहे’ एवढीच चिठ्ठी असे. त्या चिठ्ठीच्या जुन्या पिकपांना आज सोन्याचें मोल आहे. पुढें जी क्रमांकाची चिठ्ठी आली, तिच्यावर ह्या पिकपाचा क्रमांक नव्हताच. तो लेस पॉलच्या तारा अडकविण्याच्या पट्टीचा होता! तेव्हां चिठ्ठी सोडून वस्तूलाच प्रश्न विचारावा, हें बरें.

आम्हीं तसें केलें. तिन्ही पिकपांच्या बुडाशीं काळ्या मृत्तिकाचुंबकाची पट्टी चिकटविलेली दिसली. म्हणजे माल साधा, स्वस्तांतला. पिकपाच्या दोन तारा सोडवून मल्टिमीटर लावला. (न सोडवितां मोजल्यास आवाजाच्या बटणाचा रोध समांतर येऊन आंकडा थोडा कमी दिसतो, आमचा पहिला आंकडा असाच फसला.) मानेजवळचा ५.४ किलोओहम, मधला ५.८. दोन्ही जिवंत. मग होकायंत्र खुंट्यांवर धरलें. दोन्ही ठिकाणीं वरच्या टोंकाकडे सुईचें तेंच टोंक वळलें. म्हणजे चुंबकांची दिशा एकच. शेवटीं आमच्या शाळेच्या काळांतला सुईचा मल्टिमीटर काढला. पेंचकस खुंटीला टेंकवून झटकन् वर उचलला कीं क्षणभर प्रवाह उत्पन्न होतो आणि सुई एका बाजूस उडते. मानेजवळच्या पिकपानें ती उजवीकडे उडाली, मधल्यानें डावीकडे. चुंबक सारखे आणि उडी उलट, तेव्हां मधल्याचे वेढेच उलट दिशेनें गुंडाळलेले असले पाहिजेत.

“मग सोपंय!” मुलगा म्हणाला. “मधल्याच्या दोन तारांची अदलाबदल करूं. पांच मिनिटांचं काम.”

खरेंच सोपें होतें, आणि स्वर त्यानें जुळला असता. पण आमच्या मनांत एक शंका आली. यंत्रावर गुंडाळलेल्या तीन वेटोळ्यांपैकीं एकच उलटें कां असावें? एका वेटोळ्याचा पिकप घरांतल्या विजेची गुणगुण फार ओढतो. दर सेकंदास ५० आवर्तनांचा आपला वीजप्रवाह त्याला सर्वत्र ऐकूं येतो. लव्हरची युक्ति ह्याच गुणगुणीवर होती. एक वेटोळें उलट गुंडाळावें आणि त्याचा चुंबकहि उलटा करावा. गुणगुणीला चुंबकाशीं कर्तव्य नाहीं, म्हणून ती दोन वेटोळ्यांत परस्परविरुद्ध येऊन मावळते. तारेचा स्वर मात्र दोनदां उलटून पुन्हां सुलट होतो. दोन नकारांचा होकार, हें आम्ही वर्गांत नेहमींच सांगत आलों. येथें पहिला नकार होता, दुसरा नव्हता. तारांची अदलाबदल केली असती तर स्वर जुळला असता, पण गुणगुणहि दुप्पट जुळली असती.

मधल्या पिकपावर काळी फीत गुंडाळलेली होती. इतर दोहोंवर ती नव्हती. आम्हीं ती हळूच सोडविली. फितीच्या आंत वहीच्या कागदाची एक अरुंद पट्टी निघाली. पट्टीवर पेन्सिलीच्या पांच-पांच रेघांच्या जुड्या, दर जुडीची रेघ बहुधा शंभर वेढ्यांची, आणि शेवटीं धाकट्याच्या तिरप्या अक्षरांत : ‘७४०० वेढे, उलटे. चुंबक राहिला.’

आमच्या हातांतील भिंग तेथेंच थांबलें. १९८९ च्या आश्विनांत आम्ही सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपाशीत होतों, आणि पलीकडच्या खोलींत रात्रीं अकरा अकरा वाजेपर्यंत मातोश्रींचें शिवणयंत्र घरघरत होतें. त्या चाकाला लांकडी फिरकी बांधून धाकटा कांहींतरी गुंडाळीत असे. तिसऱ्या रात्रीं आम्ही उठलों आणि दारांत उभे राहून म्हणालों, “हा कारखाना उद्यां घराबाहेर ने. हें घर आहे.” त्यानें आमच्याकडे पाहिलें, एक अक्षर बोलला नाहीं. सकाळीं शिवणयंत्र जागच्या जागीं होतें, वर झांकण घातलेलें. त्यानंतर ती गिटार घरांत कधीं वाजली नाहीं. तो काय करीत होता, हें आम्हीं विचारलें नाहीं, आणि पुढें २५ वर्षांत त्यानेंहि सांगितलें नाहीं. ७४०० वेढे म्हणजे सुमारें एक किलोमीटर तार. ती आमच्या भिंतीपलीकडे हातानें सांभाळीत गुंडाळली जात होती, आणि आम्ही तिकडे लाल शाईनें र्‍हस्वदीर्घ दुरुस्त करीत होतों.

मुलगा पट्टी वाचून गप्प बसला. नव्या पिकपांची गोष्ट त्यानें पुन्हां काढली नाहीं. तो एवढेंच म्हणाला, “आजोबा, चुंबक काढायचा?”

काढणें जोखमीचें होतें. पट्टी सरसानें चिकटलेली, मृत्तिकाचुंबक कांचेसारखा ठिसूळ, आणि कडेला ती तार, जिला पात्याचा नुसता स्पर्श पुरे. ती तुटली तर ७४०० वेढ्यांची ती ठेव गेली. आम्हीं भावजयीला बोलावून दोन्ही मार्ग समजावून सांगितले : एक पांच मिनिटांचा, निर्धोक, गुणगुणीचा; दुसरा त्यानें योजलेला. तिनें पट्टी बराच वेळ हातांत धरली. “त्यांचं काम अर्धं होतं, तर पुरं करा,” ती म्हणाली आणि आंत गेली.

मग केस वाळविण्याच्या यंत्रानें सरस उबवून, दाढीचें पातें चुंबकाच्या मध्याकडून सरकवीत, वेटोळ्यापासून दूर धरून, मुलानें पाऊण तासानें ती पट्टी सोडविली. आमचे हात कांपत असल्यानें आम्हीं फक्त दिवा धरला. एक कोपरा किंचित् उडाला. तेवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. चुंबक उलटा करून चिकटविला, पुन्हां रोध मोजला : ५.८. तेव्हां कोठें आम्हीं श्वास सोडला.

शेवटचें काम उंचीचें. डबीच्या दोन टोंकांच्या स्क्रूंनीं पिकप तारांच्या जवळ-दूर करतां येतो. फार दूर नेला तर आवाज क्षीण. फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढून धरतो आणि स्वर बेसुर लहरतो. पाव पाव वळसा फिरवावा, ऐकावें, पुन्हां फिरवावा. आमच्या शेजारीं मिरजेस तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर ह्याच रीतीनें कान देऊन बसतात. मुलगा स्क्रू फिरवी, आम्ही ऐकूं. एवढें आम्हांला येत होतें.

रात्रीं त्यानें मानेजवळचा आणि मधला, दोन्ही एकत्र लावले. ध्वनिवर्धकांतील गुणगुण थांबली, आणि पहिला स्वर भरून आला. भावजय स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभी राहिली. तिनें मुलाला आवाज थोडा वाढवावयास सांगितलें. आम्हीं कागदाची ती पट्टी पुन्हां वेटोळ्यावर गुंडाळून वर नवी फीत लाविली आहे. तत्पूर्वीं तिच्यावर धाकट्याच्या ओळीखालीं मुलानें आमच्या सांगण्यावरून एक ओळ लिहिली : ‘चुंबक उलटविला.’ ‘उलटविला’ मधील ‘वि’ त्यानें प्रथम दीर्घ काढला होता. तो तसाच राहूं दिला.