जीपचे मोठे टायर
भाईजाननी जुन्या जीपला २८ ऐवजी ३१ इंची टायर बसवले. कोंढव्याच्या गल्लीत रुबाब वाढला, पण बोपदेव घाट उतरताना अम्मी सीट घट्ट धरून बसायची. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डला घासे, चढावर दुसऱ्या गिअरमध्येही गाडीला दम लागे, ब्रेक दाबूनही ती पुढे जाऊनच थांबे. नाना पेठेतल्या मिस्त्रीचाचांनी हिशेब मांडला: काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने पळते, कारण चाकाच्या एका फेऱ्यात जास्त अंतर जाते. स्प्रिंगा उंच केल्या तर घासणे थांबेल. ब्रेकवरचा भार तसाच राहील. खडकाळ वाटेवर असे टायर शोभतात, आम्हाला जायचे असते सासवडला! जुने टायर परत चढवले. मोठे चार गच्चीवर पडून आहेत. पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून अब्बांनी वर पत्रा टाकलाय.