तिसऱ्या सत्राचा हिशेब

पूर्वी आपल्या वाडीत एखादा मुलगा पदवीधर झाला की चार गावांत त्याचे नाव होई. आज घरोघरी पदवीधर आहेत आणि त्यापुढे शिकणाऱ्या मुलामुलींची संख्याही लहान नाही. ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र शिक्षणाची दारे जसजशी उघडत गेली, तसतसा एक नवाच पेच आईबापांपुढे उभा राहिला. आमच्या काळी प्रश्न असे, शिकायला मिळेल काय? आता प्रश्न असा, की जे मिळते आहे त्यातले नेमके काय घ्यावे?

आमची धाकटी लेक मुंबईतील एका संस्थेत वित्तशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला होती. पहिल्या वर्षी सर्वांना सारखेच विषय असतात: हिशेबशास्त्र, संख्याशास्त्र, कंपन्यांचे अर्थकारण, भांडवल बाजार. तिसऱ्या सत्राशी आल्यावर वाट दुभंगते. एक तर येथेच राहून ऐच्छिक विषयांच्या लांबलचक यादीतून पाच विषय निवडायचे, नाहीतर विद्यार्थी-विनिमय योजनेखाली ते सत्र परदेशी विद्यापीठात काढायचे. तिच्यापुढे जर्मनीतील फ्रांकफुर्टचा पर्याय होता. युरोपीय मध्यवर्ती बँक त्या शहरात, जर्मनीची बुंडेसबँक त्या शहरात आणि मोठा शेअर बाजारही तेथेच. वित्तशास्त्राच्या विद्यार्थिनीला त्या नगरीची ओढ वाटली, यात नवल ते काय?

आम्ही आयुष्यभर बँकेत कर्जाची प्रकरणे तपासली. त्या सवयीने प्रथम खर्चाचा कागद मांडला. विनिमय योजनेत शिक्षणशुल्क आपल्याच संस्थेला भरायचे असते, यजमान विद्यापीठ वेगळे शुल्क घेत नाही, हा मोठा दिलासा. परंतु प्रवास, निवास, विमा आणि जेवणखाण हे सारे ज्याचे त्याने पाहायचे. विद्यार्थ्यापाशी निर्वाहाची सोय आहे, हे जर्मन सरकारला व्हिसापूर्वी दाखवावे लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम दरमहा ९९२ युरो झाली. सहा महिन्यांचा मुक्काम आणि एका युरोला शंभर रुपये धरले, तर आकडा सहा लाखांच्या घरात जातो. शैक्षणिक कर्ज आधीच घेतलेले होते. म्हणजे निवृत्तीच्या वेळी बाजूला ठेवलेली एक मुदत ठेव मोडणे आले. तिची आई म्हणाली, ‘‘ठेव मुलांसाठीच असते, मोडा.’’ आमचीही ना नव्हती. तथापि ठेव मोडायची ती कशासाठी, हे कळणे आवश्यक होते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. जर्मन विद्यापीठांतील हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होऊन फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. लेकीच्या संस्थेत नोकरीच्या मुलाखती होणार होत्या डिसेंबर-जानेवारीत. कर्जाचे हप्ते ज्या पगारातून फेडायचे, त्या पगाराचे दार नेमके त्याच दिवसांत उघडणार होते.

अखेरीस आम्ही तिला एवढेच विचारले, ‘‘बाळा, तुला नेमके काय शिकायचे आहे?’’ तिने दोन दिवसांनी उत्तर दिले. २०१९ साली मुंबईतील एका मोठ्या नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा आमच्या नात्यातील एका विधवा बाईंची आयुष्याची पुंजी अडकली होती. सुरुवातीला खात्यातून केवळ एक हजार रुपये काढता येत. लेक तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गांत होती आणि त्या बाईंसोबत रांगेत उभी राहिली होती. ती म्हणाली, ‘‘पप्पा, १९१८ मध्ये स्थापन झालेली आपली बॅसीन कॅथॉलिक बँक शंभर वर्षे पार करते आणि दुसरी सहकारी बँक एका रात्रीत कोसळते. हे का होते, ते मला समजून घ्यायचे आहे.’’

प्रश्न हाती आला आणि मग फ्रांकफुर्टचे आकर्षण उलट वाढलेच. सहकारी पतपेढीची कल्पना जर्मनीतच रुजली. शहरांतील कारागिरांसाठी शुल्झे-डेलिट्श यांनी आणि खेड्यांतील शेतकऱ्यांसाठी राइफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकात तिचा पाया घातला. मद्रास सरकारने फ्रेडरिक निकलसन यांना युरोपातील या संस्थांचा अभ्यास करावयास सांगितले. त्यांच्या अहवालानंतर १९०४ मध्ये आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. जर्मनीतील सहकारी बँकांनी एकमेकींना सावरून धरण्याची व्यवस्था १९३० च्या दशकातच उभी केली. त्यांची मध्यवर्ती बँक आजही फ्रांकफुर्टमध्ये आहे. हे सारे उगमापाशी जाऊन पाहावे, असे कोणालाही वाटेल.

तेव्हा लेकीने यजमान विद्यापीठाची विषयांची यादी मागवली आणि ओळ न् ओळ वाचली. युरोपात सत्राला साधारण ३० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटला विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम धरतात. म्हणजे ६ क्रेडिटचा एक विषय दीडशे ते एकशेऐंशी तास घेतो. पाहुण्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतून खुले असलेले विषय बहुतांशी तेच होते, जे तिला मुंबईत मिळणार होते: डेरिव्हेटिव्हज, कंपन्यांचे मूल्यमापन, गुंतवणूक-संच. सहकारी बँकांवरचा विषय होता, पण तो जर्मन भाषेतून! आणि लेकीला जर्मनचे अक्षरही येत नव्हते. ज्यासाठी जायचे, तेवढेच तिला तेथे समजणार नव्हते.

निर्णय तिने स्वतः घेतला. ती मुंबईत राहिली. कर्जजोखीम, कर्जरोखे, बँक-नियमन, ताळेबंदांचे विश्लेषण आणि अर्थमिती असे पाच विषय तिने निवडले. अर्थमितीला मुले भितात. कठीण विषय शिक्षकाच्या समोर बसूनच शिकावा, सोपा पुढे पुस्तकावरूनही येतो, असे तिचे म्हणणे. प्रकल्पासाठी तिने नागरी सहकारी बँकांचे दहा-दहा वर्षांचे ताळेबंद तपासले. थोड्याच कर्जदारांकडे फार मोठी रक्कम साचणे हे दुखणे आकड्यांत कोठे दडते, हे ती जेवताना आम्हांला समजावून सांगे. ठेव विम्याची मर्यादा २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. त्यातून लहान ठेवीदाराला आधार मिळाला, पण बँक सुदृढ झाली असे नव्हे, हा भेद तिने आम्हा जुन्या बँकवाल्याला शिकवला.

तिची एक मैत्रीण त्याच सत्रात परदेशी गेली. तिने योग्यच केले. ती घरापासून कधी एक रात्र दूर राहिली नव्हती. परक्या गावी खोली शोधणे, अनोळखी सोबत्यांबरोबर काम करणे, आजारपणात एकटीने दवाखाना गाठणे, हेच तिला शिकायचे होते. तो विषय कोणत्याच यादीत नसतो. परतल्यावर तिला मुलाखतींसाठी थोडे थांबावे लागले आणि ती थांबली.

आमच्या लेकीच्याही वहीत नावेची बाजू आहे. विशीतला परदेशी हिवाळा, सहा देशांचे सोबती, स्वतःच्या पायांवर उभे राहिल्याचा अनुभव, हे तिला मिळाले नाही. पुढे नोकरीनिमित्त ती कोठेही जाईल, परंतु विद्यार्थी म्हणून जाणे निराळे. ही किंमत नव्हतीच, असे आम्ही म्हणणार नाही. हिशेब लिहायचा तर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

ज्यांची मुले अशा वळणाशी उभी आहेत, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. शहराचे नाव ऐकून हरखू नका आणि खर्चाचा आकडा पाहून घाबरूही नका. मुलाला त्याचा प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी चार दिवस द्या. मग विषयांची यादी, शिकवण्याची भाषा आणि दोन्ही ठिकाणचे वेळापत्रक एकत्र मांडून बसा. तेथे उत्तीर्ण केलेले विषय आपली संस्था मान्य करील, हे निघण्यापूर्वी लेखी घ्या.

लेक आता नोकरीला आहे आणि दर शनिवारी जर्मन शिकते. ती ठेव आम्ही मोडली नाही. मुदत संपली तेव्हा नव्याने ठेवली, या वेळी तिच्या नावाने.