दान आणि संदान

साहित्याच्या वर्गात आम्ही रूपके शोधतो ती कवितेत. पण पुण्यातूनच निघणाऱ्या बालभारतीच्या विज्ञानातही ती भरपूर आहेत. रासायनिक बंधांचेच पाहा ना. सोडिअमचा अणू आपल्या बाह्यतम कक्षेतला एकुलता इलेक्ट्रॉन 'देतो', क्लोरीनचा तो 'घेतो', आणि आयनिक बंधाने मीठ तयार होते. वाचताना सोडिअम कर्णाच्या कुळीतला वाटू लागतो!

वस्तुस्थिती एवढी दानशूर नाही. तो इलेक्ट्रॉन काढून घेण्यास मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते; क्लोरीनने तो स्वीकारताना सुमारे ३४९च परत मिळते. हा तोटा भरून निघतो तो विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणातून. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम; दाता आणि याचक अशी जोडी तिथे उरतच नाही. 'देतो' या क्रियापदाने नेमके हेच झाकले जाते.

सहसंयुज बंधात दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवतात. (लुईसने ही कल्पना १९१६ साली मांडली.) त्यासाठी पाठ्यपुस्तकाने योजलेला शब्द 'संदान'. तो दिसतो दानाच्या घरातला. संस्कृतात मात्र संदान म्हणजे गुरे बांधायचे दावे. त्यातला 'दा' हा धातू देण्याचा नव्हे, बांधण्याचा. आम्हांस तो 'भागीदारी'पेक्षा अचूक वाटतो. हायड्रोजन क्लोराइडात ती जोडी क्लोरीनकडे अधिक ओढलेली असते, वाटणी समान नसतेच. बांधलेले मात्र दोघेही असतात.