पिंजऱ्यातला प्रेक्षक

पिंजरा म्हटला की त्यात वाघ असावा, निदान पोपट तरी असावा, अशी आपली समजूत असते. माणसाची जागा गजांच्या बाहेर, हातात शेंगदाण्यांची पुडी घेऊन! परंतु जगात अशीही काही ठिकाणे आहेत, जिथे माणूस पदरचे पैसे मोजून पिंजऱ्यात शिरतो आणि मोकळे श्वापद त्याला पाहून जाते. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनपासून दोन-अडीच तासांवरचे गान्सबाय हे त्यांपैकी एक. ग्रेट व्हाइट शार्क पाहण्यासाठी जगभरचे लोक या गावी जात आले आहेत. मी तिथे गेलेली नाही आणि जाण्याची शक्यताही दिसत नाही. पण समुद्राकाठी जन्मल्यामुळे असेल, या पिंजऱ्याविषयी जे वाचायला-पाहायला मिळाले ते मी अधाशासारखे गोळा केले आहे.

त्या दिवसाचा क्रम मला आता पाठ झाला आहे. सकाळी बोट निघते. काही मैलांवर डायर बेट आणि त्याच्या शेजारचा गायझर रॉक. तिथे हजारो सील राहतात आणि त्यांच्या वासावर शार्क येतात. नांगर टाकला की माशांचे तेल आणि रक्त कालवलेले पाणी समुद्रात ओततात. मग फक्त वाट पाहायची. पोलादी पिंजरा बोटीच्या कुशीला बांधलेला, आत रबरी पोशाखातली चार-सहा माणसे, आणि पाणी असे गार की दात वाजावेत! पाठीवर हवेची नळकांडी सहसा नसतात. वरून कुणी ‘खाली!’ म्हणून ओरडले की श्वास रोखून बुडी मारायची. हिरवट धुक्यातून एक राखी भिंत सरकत येते, एक काळा डोळा आपल्यावरून फिरतो आणि भिंत निघून जाते. एवढ्या क्षणभरासाठी माणसे सातासमुद्रापार जातात.

या पिंजऱ्याचा जन्म मात्र हौसेतून झालेला नाही. 1963 साली ऑस्ट्रेलियात भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत रॉडनी फॉक्स या 23 वर्षांच्या तरुणाला ग्रेट व्हाइटने छातीशी धरले. शेकडो टाके पडले, तरी तो वाचला. पुढे प्राणिसंग्रहालयात सिंहाचा पिंजरा पाहताना त्याच्या मनात आले, की समुद्रात आपणच पिंजऱ्यात उतरलो तर? ज्याने आपल्याला फाडले त्याचा सूड न घेता त्याला नीट पाहावे, असे या माणसाला वाटले, आणि पुढे त्याने शार्कच्या संरक्षणासाठी आवाज उठवला. पीटर बेंचली यांचेही तसेच. त्यांची ‘जॉज’ ही कादंबरी 1974 साली आली, 1975 साली तिच्यावर चित्रपट निघाला आणि जगाने या माशाचा धसका घेतला. त्याच बेंचलींनी उत्तरायुष्यात शार्क वाचवा म्हणून प्रचार केला. भय दुरून वाढते. जवळ जाऊन पाहिले की त्याचे कुतूहल होते, हेच खरे.

दक्षिण आफ्रिकेने 1991 साली कायदा करून या माशाला अभय दिले. असे करणारा तो पहिला देश. गान्सबायमध्ये मेलेल्या शार्कपेक्षा जिवंत शार्क अधिक चुली पेटवू लागला. पण 2017 साली तिथल्या किनाऱ्यावर काळीज काढलेले शार्क वाहून आले. ते काम ओर्कांचे होते. त्यानंतर ग्रेट व्हाइट तिथून दीर्घकाळ दिसेनासे झाले. ज्याच्या भीतीने पिंजरा बांधला, तोच भिऊन पळाला! पिंजऱ्यातली माणसे मग दुसऱ्या जातीचे शार्क पाहू लागली.

आमच्या मालवणच्या बाजाराला ग्रेट व्हाइटची ओळख नाही. आहे ती त्याच्या धाकट्या भावंडांची, मोरीची. मोरीचे मटण ज्याने खाल्ले नाही त्याला कोकणची चव काय कळणार? मी बाबांना या पिंजऱ्याची हकिगत सांगितली तेव्हा ते हसत म्हणाले, “आमका फुकट दिसता, ता बघूक पैशे कित्याक?” पण मी पुढचेही सांगितले. इतर माशांच्या मानाने शार्क फार उशिरा वयात येतात, पिले थोडी देतात. ग्रेट व्हाइटच्या मादीला तर सुमारे तीस वर्षे लागू शकतात. मग जाळ्यात जिवंत आलेली मोरीची पिले सोडून देता येणार नाहीत का? बाबा हसायचे थांबले. म्हणाले, “सोडूक हरकत नाय. पण डिझेलाचे पैशे कोण देतलो?”

या प्रश्नाला पुस्तकी उत्तर चालत नाही. संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्रात 2018 पासून भरपाई देण्याची योजना आहे. साध्या मोरीच्या पिलासाठी मात्र कोण देणार? मला वाटते, शार्क सोडा म्हणणे सोपे आहे. सोडणाऱ्याच्या घरी त्या रात्री काय शिजेल, हेही सांगता आले पाहिजे. गान्सबायने ते काही वर्षे तरी करून दाखवले. आमच्या मालवणलाही लोक पैसे देऊन प्रवाळ पाहायला पाण्यात उतरतात. उद्या ते मोरी पाहायलाही उतरतील. तोवर ती समुद्रात उरली पाहिजे, आणि बाबांची बोटही.